नांदेडचा कॉम्प्रेसर

नरसिंगराव वीज मंडळातून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते की, या माणसानं मीटरकडं नुसतं बघितलं तरी मीटर खरं बोलायला लागतं. सगळे हसले. नरसिंगराव हसले नाहीत. त्यांची बरीचशी नोकरी भरारी पथकात गेली होती. रेणापूरपासून उदगीरपर्यंत कुठल्या गिरणीनं कुठून आकडा टाकलाय, कुठल्या लॉजवाल्यानं मीटरच्या पोटात काय सारलंय, हे हुडकण्यात त्यांचे केस पांढरे झाले. अशा नोकरीत माणसाला समोरचा जे दाखवतोय त्याच्या मागं बघायची सवय लागते. नोकरी सुटली, पण सवय काही सुटली नाही. नागुबाई, त्यांची बायको, म्हणायची, "तुमच्या ताटात भाकर टाकली तरी उलटून बघताव."

लातुरात औसा रोडच्या मागच्या अंगाला त्यांचं घर. अंगणात पत्र्याची शेड, शेडमध्ये त्यांची जुनी चारचाकी आणि मुलीची स्कूटी. मुलगी बुद्धप्रिया सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. चारचाकी आठवडे न आठवडे जागची हलत नसे, आणि हलवायची वेळ आली की टायर बसलेले. पंपावर जावं तर हवेच्या मशीनला 'बंद आहे' अशी पाटी. चालू असलं तर तिथला माणूस काट्याकडं न बघता अंदाजानं हवा मारायचा. एका ठिकाणी भरलेली हवा दुसऱ्या ठिकाणी मोजली की वेगळीच निघायची. यातला कोणता काटा खोटा, हे ठरेना, तेव्हा नरसिंगरावांनी सगळेच खोटे धरले.

मग एका सकाळी ड्युटीला निघताना बुद्धप्रियाच्या स्कूटीचं चाक चपटं झालेलं दिसलं. ती स्कूटी ढकलत कोपऱ्यावर गेली, दुकान उघडेपर्यंत थांबली आणि दवाखान्यात बोलणी खाऊन आली. त्याच दिवशी नरसिंगरावांनी ठरवलं, घरी छोटा कॉम्प्रेसर घ्यायचा.

"कधीमधी लागणार हाय. त्याला एवढं मशीन?" नागुबाई म्हणाली.

"कधीमधीच लागतं, म्हणून तर स्वस्तातलं बघतोय. पण खरं पाहिजे."

खरं पाहिजे, हीच सगळी अडचण होती. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात ते गेले. दुकानदारानं लालभडक रंगाचं एक मशीन पुढं ओढलं. "काका, घरगुती ना? हे घ्या. तीन एचपी. शहरात यापेक्षा तगडं भेटणार न्हाई."

नरसिंगरावांनी मशीनकडं पाहिलंच नाही. त्यांनी वायर हातात धरून टोकाचा प्लग पाहिला. "तीन एचपी म्हणताव, आन् प्लग मिक्सरचा?"

"आता नवीन टेक्निक हाय काका."

"लावा बरं."

ते पिशवीतून आपली वायर काढू लागले. आतली एक तार वेगळी काढून ठेवलेली ती वायर त्यांनी नोकरीत असतानाच बनवली होती. त्या तारेला चिमट्याचा मीटर लावला की मशीन किती करंट खातंय ते दिसायचं. मशीन धडधडलं, दुकानातल्या बरण्या हलल्या, आणि मीटरवर जो आकडा आला तो बघून नरसिंगराव म्हणाले, "एक एचपी धड न्हाई हे. स्टिकर कुठं छापून घेता?"

दुकानदारानं मशीन बंद केलं. दुसऱ्या दुकानात तर मीटर पिशवीतून बाहेर यायच्या आधीच 'लाईट गेली' असं उत्तर मिळालं, आणि वर पंखा फिरत होता. पंधरवड्यात त्या गल्लीतली माणसं त्यांना लांबून ओळखायला लागली.

मग मोबाइलवर ती जाहिरात दिसली. नांदेडची. नावाच्या जागी नुसतं 'एस. जी.' लिहिलेलं. 'घरगुती कॉम्प्रेसर, पंचवीस लिटर टाकी, एक एचपी, फक्त गाडीत हवा भरायला वापरलेला.' किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. आकडा खरा लिहिलेला असल्यामुळं नरसिंगरावांना पहिल्यांदा बरं वाटलं, आणि लगेच शंका आली. तीन लिहायची सोय असताना कुणी एक का लिहील? त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. मशीन स्वच्छ होतं, फार स्वच्छ. पण मागच्या भिंतीवर निळ्या, करड्या, मोरपंखी रंगाचा धुरळा बसला होता, थरावर थर.

"बुद्धप्रिया, इकडं ये. हे बघ. हवा भरून भिंतीला रंग लागतो का?"

"कुणी तरी स्प्रे मारला असंल बाबा."

"तेच म्हणतो. मग 'फक्त हवा भरायला' कामून लिहिलंय?"

त्यांनी फोन लावला. बाईचा आवाज आला, दबलेला. मशीन चांगलं आहे, म्हणाली. विकायचं कारण विचारल्यावर जागा होत नाही, म्हणाली. "तुम्ही दुपारी या. चारच्या आत या. आन् या नंबरवर संध्याकाळी फोन नका करू."

फोन ठेवून नरसिंगरावांनी जाहिरातीतला फोटो परत मोठा करून पाहिला. मग त्यांनी जेवताना सगळं मांडलं. नाव लपवलेलं. मशीन रंगाच्या कामाचं, सांगायचं हवेचं. संध्याकाळी फोन नको. "शेडमध्ये स्कूटरी रंगवून राहिलेत. चोरीच्या. रंग बदलायचा आन् तेलंगणात पाठवायच्या. आता पोलिसांची कुणकुण लागली असंल, म्हणून मशीन काढून टाकायलेत."

"मग जाऊ नका की," नागुबाई म्हणाली.

"जातो. बघून तर येतो."

मशीन घ्यायला जातोय की चोर धरायला, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बुद्धप्रियाला ते कळलं होतं. म्हणून तिनं आपली साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी घेतली आणि गाडीत बसली.

चाकूर मागं पडलं, अहमदपूरला चहा झाला. लोह्याच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं बराच खोळंबा झाला. वाटभर नरसिंगराव काय काय विचारायचं ते जुळवत होते. बुद्धप्रिया मधेच म्हणाली, "बाबा, घरच्या बाईला आरोपीसारखं विचारू नका."

"मी विचारत न्हाई. मी ऐकतो. माणूस आपणच बोलतो."

नांदेडात तरोड्याच्या बाजूला, एका शांत गल्लीत ते घर होतं. दारात तुळशीजवळ पन्नाशीला आलेली एक बाई उभी होती. कपाळाला भस्माचं बोट, हातात किल्ल्या. तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग म्हणाली, "लातूरचे काका ना? मी शिवगंगा. गाडी आत घ्या. बाहेर नका लावू."

नरसिंगरावांनी मुलीकडं पाहिलं. बघितलंस का, असं त्या नजरेत होतं.

शेडचं कुलूप निघालं. आत स्कूटरी होत्या. जुन्या घडणीच्या, गोल पाठीच्या, एकीचं अंग अर्धं मोरपंखी तर अर्धं उघडं लोखंड. नंबरप्लेट एकीलाही नव्हती. तारेवर मडगार्डं टांगून वाळत घातलेली. कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली, कॉम्प्रेसर.

"लवकर बघा काका. भरा डिकीत. पैशाचं कमी-जास्त करा काय ते, मी हाव म्हणते."

हे ऐकून तर नरसिंगरावांची खात्री पटली. घासाघीस न करता हो म्हणणारा विकणारा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. ते सावकाश खाली बसले. मशीनचा प्लग पाहिला, वायर पाहिली. टाकीच्या बुडाचा नट सैल केला. हवेतलं पाणी तिथं साठतं, न काढणाऱ्याच्या टाकीतून तांबडा गंजाचा गाळ येतो. इथं पाण्याचा थेंब गळला तो स्वच्छ. वरच्या सुरक्षेच्या झडपेची कडी ओढली, हवा फुस्सकन सुटली. मग डिकी उघडून आपली वायर काढली, ती जोडली, मीटर लावला. मशीन सुरू झालं आणि थोड्या वेळानं आपोआप खट् करून थांबलं. मीटरवरचा आकडा स्टिकरवरच्या आकड्याशी जुळत होता. त्यांनी पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तेच.

नरसिंगराव उठून उभे राहिले. मशीन खरं होतं, आणि त्यामुळंच त्यांचा जीव जास्त घोटाळ्यात पडला.

"बाई, हे मशीन कुणी जपलंय?"

"म्हणजे?"

"हे रोज पुसलेलं हाय. पाणी रोज काढलेलं हाय. चोर असं जपत न्हाई. आन् जो असं जपतो तो निम्म्या किमतीत विकत न्हाई. तुमचं न्हाई हे. कुणाचं हाय?"

शिवगंगाबाईंचा चेहरा उतरला. "आमच्या घरचंच हाय."

"घरातल्या कुणाचं?"

"आमच्या सरांचं. माझ्या मालकाचं."

"त्यांना फोन लावा. त्यांनी हाव म्हणलं की घेतो."

बाईनं फोन काढला नाही. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात उगाच वाजत राहिला.

"आन् या गाड्यांचे नंबर कुठं गेले?" नरसिंगरावांनी शेवटी तो प्रश्न विचारलाच.

"नंबर?" ती गोंधळली. "रंगवायच्या म्हणून काढलेत. त्या काय, खिडकीत ठेवल्यात."

खिडकीत खरंच नंबरप्लेटा होत्या, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या, प्रत्येकीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी. त्याच खिडकीत बुद्धप्रियाला दुसरं काही दिसलं. दम्याचे पंप. दोन रिकामे, एक चालू. शेजारी खिळ्याला वाफेचा मास्क अडकवलेला. तिनं एक पंप उचलून हलवून पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, हे सरांचे का?"

तेवढ्या प्रश्नानं ती बाई खालच्या पाटावर बसली.

"शाळेत ड्रॉइंग शिकवतात," ती म्हणाली. "जुन्या गाड्या रंगवायचा लई नाद. लोक आणून देतात, हे शाळेतून आले की इथंच. तोंडाला नुसता रुमाल. डॉक्टरनं दोनदा सांगितलं, हा रंगाचा धूर बंद करा. 'उन्हाळ्यापुरता करतो' म्हणतात, 'एवढी गाडी झाली की बंद'. मागल्या महिन्यात पहाटे श्वासच लागंना. मी एकटी. ऑटोत घालून नेलं. आल्यावर दोन दिवसांनी परत शेडमध्ये." तिनं पदरानं तोंड पुसलं. "भांडून बघितलं, रडून बघितलं. म्हणलं, मशीनच जाऊ दे घरातून. दूर गावी जाऊ दे. लातूरचं गिऱ्हाईक आलं तर देवच पावला असं झालं मला."

नरसिंगरावांनी वाटभर रचलेला सगळा खटला त्या पाटावर बसलेल्या बाईपुढं विरून गेला होता. तरी त्यातलं एक कलम शिल्लक होतंच. मालकाला न सांगता माल विकला जात होता.

एवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली.

शिवगंगाबाईंचे यजमान, वीरभद्र सर, त्या दिवशी शाळेतून लवकर आले होते. त्यांना दिसलं ते असं: अनोळखी गाडी अंगणात, डिकी उघडी, शेडचं कुलूप निघालेलं, आणि एक परका माणूस त्यांच्या मशीनला कसल्यातरी तारा लावून उभा.

"ए! कोण रे तू?" ते ओरडले. "शिवगंगा! कुणाला आत घेतलंस?"

गल्लीतले लोक बघता बघता जमले. एकानं गाडीपुढं मोटारसायकल आडवी लावली. दुसऱ्यानं डिकीत वाकून पाहिलं. नरसिंगराव म्हणाले, "मी वीज मंडळातला रिटायर माणूस हाय. लातूरचा. हे बघा कार्ड."

वीरभद्र सरांनी कार्ड उलटून पाहिलं. "असे कार्ड कुणीबी छापतंय. आन् वीजवाल्याचं माझ्या शेडमध्ये काय काम? मीटर कामून लावलाव? काय मोजून राहिलाव?"

आयुष्यभर नरसिंगरावांनी लोकांना असंच विचारलं होतं, याच आवाजात. समोरच्याचा घसा का कोरडा पडतो, खरा माणूसही असा का चाचरतो, हे त्यांना आज कळत होतं. "मी... कॉम्प्रेसर बघायला..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि ते त्यांनाच खोटं वाटलं.

"मी बोलावलं त्यांना," शिवगंगाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "मी विकायलेय ते मशीन. तुमच्या माघारी. ऐका समद्यांनी."

सर तिच्याकडं वळले. काही बोलायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. त्यांनी स्कूटरचं हँडल धरलं, खांदे वर चढले, ओठ काळवंडले. बुद्धप्रिया पंप घेऊन त्यांच्यापाशी पोचली सुद्धा. "बसा. पुढं वाका. बोलू नका. आता आत ओढा. थांबवा. सोडा." जमलेल्या लोकांना तिनं नुसत्या हातानं मागं सारलं. मोटारसायकलवाल्यानं आपली गाडी गुपचूप बाजूला घेतली.

श्वास जागेवर यायला वेळ लागला. गल्ली पांगली. शिवगंगाबाईंनी पाणी आणलं, नवऱ्याच्या हातात दिलं नाही, शेजारी ठेवलं. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हती.

"सर," नरसिंगराव म्हणाले, "मी हे घेणार न्हाई. मालकाच्या मनात नसताना घेतलेला माल तो चोरीचाच. तुमची बाई चोर न्हाई, पण माल चोरीचा."

शिवगंगाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू शेवटची फळीही पायाखालून काढून घेतली.

सर पाणी प्याले. मग म्हणाले, "मीटर लावला होता ना. काय निघालं?"

"स्टिकरवर हाय तेवढंच. लातुरात एकबी मशीन असं निघालं न्हाई."

"वरची गॅस्केट मी बदललीय. मूळची गळत होती." सरांच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी हललं. मग त्यांनी बुद्धप्रियाकडं पाहिलं. "तुम्ही दवाखान्यात असता. खरं सांगा. हिच्यासारखं घाबरवू नका."

"घाबरवत न्हाई सर," ती म्हणाली. "मघाशी तुमच्या छातीचा जो आवाज आला तसा आवाज आला की आम्ही वॉर्डात डॉक्टरला धावत बोलावतो. रुमालानं तो रंग अडत न्हाई. छातीच्या डॉक्टरकडं जा, ताईंना सोबत न्या. बाकी तुमच्या हातात."

निघताना बुद्धप्रियानं आपला नंबर शिवगंगाबाईंना लिहून दिला. सर फाटकापर्यंत आलेही नाहीत. रिकामी डिकी घेऊन बापलेक लातूरला निघाले. लोह्याजवळ रस्त्याच्या कामापाशी गाडी परत खोळंबली.

"बाबा, घ्यायला पाहिजे होतं का ते?" बुद्धप्रियानं विचारलं.

"ठाव न्हाई," ते म्हणाले. तिनं त्यांच्या तोंडून हे फार कमी वेळा ऐकलं होतं.

पुढचे काही आठवडे कॉम्प्रेसरचा विषय घरात निघाला नाही. स्कूटीला पायाचा पंप आला. नरसिंगराव सकाळी त्यानं हवा मारत आणि धापा टाकत. एकदा मात्र त्यांनी बुद्धप्रियाला विचारलं, "त्या बाईचा फोन आला होता का?" आला होता, पण काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि त्यांना लगेच वाटलं की ही काहीतरी लपवतेय.

ती लपवतच होती. एका रविवारी सकाळी फाटकाशी छोटा टेम्पो येऊन थांबला. पुढून शिवगंगाबाई उतरल्या, मग सर. मागं दोरीनं बांधलेला तो कॉम्प्रेसर. नरसिंगराव दारातच उभे राहिले, आत या म्हणायचंही विसरले.

"कामून आणलाव?" ते म्हणाले.

"विकायला," सर म्हणाले. ते बारीक झाले होते, पण बोलताना मधे थांबत नव्हते. "मालक आलाय घेऊन. आता तर चोरीचा न्हाई ना?"

"दुसरा घेतलाव का?"

"बाबा!" बुद्धप्रिया म्हणाली.

"विचारू द्या," सर म्हणाले. "मीबी विचारणार हाय. तुम्ही रंगाला वापरणार न्हाई ना? कुणाला परत विकणार न्हाई ना?"

"न्हाई. टायरला फक्त."

"मग मी दुसरा घेतला न्हाई."

दोघांनी एकमेकांकडं निरखून पाहिलं. दोघांचाही पुरता विश्वास बसलेला नव्हता. नागुबाईनं चहा ठेवला आणि शिवगंगाबाईंना आत नेलं. थोड्या वेळानं नरसिंगराव पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगा. शेडमध्ये काय चाललंय?"

"शेड भाड्यानं दिली काका. एक बाई पापड-कुरड्या करते तिथं." त्यांनी एकदा दाराबाहेर पाहिलं. "घरात बसून कुंचल्यानं पाट्या रंगवतात आता. गाड्या बघितल्या की गप्प होतात. रात्री उठून मी श्वास ऐकते. अजून माझाबी भरोसा न्हाई."

बाहेर मशीन शेडमध्ये लावून झालं होतं. बटण दाबायची वेळ आली तसे वीरभद्र सर पुढं सरकले. शिवगंगाबाई शेडच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. यात रंग नाही, नुसती हवा आहे, असं बुद्धप्रियानं सांगितलं तरी त्या हलल्या नाहीत. सरांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं, आणि निमूटपणे फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

नरसिंगरावांनी बटण दाबलं. मशीन चालू लागलं. फाटकाबाहेर पाठ करून उभ्या असलेल्या माणसाची मान किंचित कलली होती. टाकी भरत आली तसा आवाज जड झाला आणि खट् करून थांबला.

"भरली," रस्त्यावरून सरांचा आवाज आला. "आता लावा चाकाला."